पाटलाचं वतन गेलं, गॅसचं वतन आलं

दोस्तांनो, घरातलं विजेचं बिल काढा. कोनाड्यात, पत्र्याच्या डब्याखाली, जिथं खोचून ठेवलं असंल तिथनं काढा आणि वाचा. वाचत नाही आपण. रक्कम बघतो, शिवी देतो, ठेवून देतो. आज वाचा. त्यात एक ओळ आहे, स्थिर आकार. महिनाभर घराला कुलूप असू द्या, एक दिवा पेटलेला नसू द्या, ही रक्कम भरावीच लागते. कधीमधी तिच्या सोबतीला आणखी एक ओळ येते, इंधन समायोजन आकार. म्हंजे वर कुठं कोळसा, तेल, गॅस महागला तर फरक तुमच्या खिशातनं. ह्या दोन ओळींत देशाच्या विजेचं सगळं राजकारण बसलंय.

आमची आई असंच एक बिल घेऊन कचेरीत गेली होती. कुठली कचेरी ते लिहीत नाही, सगळ्या एकाच मुशीतल्या. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती म्हणून घर दोन महिने बंद. बिल आलंच. आई म्हणाली, 'साहेब, दिवा लावलाच न्हाई, तर पैसं कशाचं?' साहेबानं कागदातनं मान वर काढली नाही. म्हणाला, 'आजी, तुम्ही बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे ना? त्यासाठी आम्हाला तयार राहावं लागतं. हे तयारीचे पैसे.'

आई घरी आली ती पुटपुटतच. 'तुझा आजा जलमभर तयारच हुता. त्येला कुणी दिलं रं तयारीचं पैसं?'

ह्या एका सवालावर हा सगळा लेख उभा आहे. ज्याला उत्तर ठाऊक असंल त्यानं पुढं वाचू नये.

आजा गावचा महार. पाटलाची हाळी आली की काठी-घोंगडी घेऊन उभं राहायचं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, वसुलाच्या पैशाला सोबत जायचं, आल्यागेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण टाकायची, वेस राखायची, मेलेलं ढोर ओढायचं. चोवीस तास, बारा महिने. इंग्रजी मुलखात ह्याच्यावर १८७४ च्या वतन कायद्याचा शिक्का होता. आमच्या फलटण संस्थानात राजाचा रिवाज होता. मोबदला काय? वाटण्या होऊन होऊन अंगणाएवढा उरलेला इनामी तुकडा आणि खळ्यावरचं बलुतं. तेसुद्धा बागायतदाराची मर्जी असली तर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनाच्या विरोधात बिल मांडलं. कायद्यानं महारकी संपायला १९५८ साल उजाडलं.

महारकीचा हिशोब एका ओळीचा होता. काम पक्कं, मजुरी कच्ची.

आता दुसरं एक वतन दाखवतो. त्याचा हिशोब बरोब्बर उलटा. मजुरी पक्की, काम कच्चं. हे वतन ह्याच महाराष्ट्र सरकारनं अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एका कंपनीला लिहून दिलं. कंपनीचं नाव एन्रॉन.

जून १९९२. कंपनीची माणसं देशात उतरली आणि आठवडा उलटायच्या आत, २० जूनला, वीज मंडळानं त्यांच्याशी सामंजस्य करार केला. निविदा नाही. दुसऱ्या कुणाला विचारणा नाही. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या पत्र्याला तीन-तीन कोटेशनं मागतात, आणि इथं हजारो कोटींचा सौदा बसल्या बैठकीत! रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी अंजनवेल-वेलदूरच्या डोंगरावर कारखाना. आखाती देशांतनं गॅस आणायचा, जाळायचा, वीज करायची. भागीदार कोण, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. म्हंजे यंत्र विकणारा आणि बांधकाम करणारा, दोघंही मालकाच्याच पंगतीला.

८ डिसेंबर १९९३ ला सनद झाली. इंग्रजीत तिला वीज खरेदी करार म्हणतात. मुदत वीस वर्षं. तिच्यातली कलमं आपल्या भाषेत सांगतो. कारखाना तयार आहे एवढं कंपनीनं दाखवलं की क्षमता आकार द्यायचा, वीज घ्या नाहीतर घेऊ नका. इंधन महागलं तर ते मंडळाच्या डोक्यावर. डॉलर वधारला तर तेही मंडळाच्या डोक्यावर. मंडळानं पैसे चुकवले तर राज्य सरकारची हमी. राज्यानं चुकवले तर दिल्लीची प्रतिहमी. कंपनीच्या डोक्यावर काय? टोपी.

खळ्यावर दाणा पडो न पडो, खंड घालायचाच, असा हा करार. आजा तयार होता, त्याला कुणी क्षमता आकार दिला नाही. एन्रॉन तयार होती, तिला दिल्लीच्या तिजोरीची शपथ दिली. आईच्या सवालाचं उत्तर हे आहे. तयारीला पैसे मिळतात. तयार कोण आहे ते बघून मिळतात.

कुणी म्हणंल, हे डावे लोक, ह्यांना उद्योगधंदा नकोच. बरं, मग जागतिक बँकेला विचारा. ती काय डावी नाही, आपली मावशी तर नाहीच नाही. एप्रिल १९९३ मध्ये तिनं ह्या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. कारण काय दिलं? महाराष्ट्राच्या गरजेच्या मानानं फार मोठा, आयात गॅसची वीज कोळशाच्या मानानं फार महाग, मंडळाला झेपणार नाही. पुण्याच्या प्रयास गटानं करारातली आकडेमोड उकलून १९९५ मध्ये लोकांपुढं ठेवली. म्हंजे माहीत नव्हतं असं कुणालाच म्हणता येत नाही. माहीत होतं. तरी सही झाली.

का झाली? त्याचंही उत्तर कंपनीनंच दिलंय. १९९५ साली कंपनीच्या एक उपाध्यक्षबाई अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं बोलल्या. भारतीयांना शिक्षित करण्यावर आणि प्रकल्प उभारायच्या खटपटीवर आपण सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, असं त्यांनी सांगितलं. शिक्षित करण्यावर! बाबासाहेबांनी आम्हाला शिका म्हणून सांगितलं, तेव्हा आमची पोरं स्कॉलरशिपच्या चार रुपड्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. आणि मंत्रालयातल्या शिकलेल्या सवरलेल्यांना शिकवायला ह्यूस्टनहून दोन कोटी डॉलर आले. काय शिकले कुणाला ठाऊक. पण पास झाले.

मग १९९५ ची निवडणूक. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करणारे सत्तेवर आले. ऑगस्टमध्ये करार रद्द केला. आम्हीसुद्धा फसलो, टाळ्या वाजवल्या. नोव्हेंबरात कंपनीच्या बड्या बाई मुंबईत येऊन नेत्यांना भेटून गेल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प परत आला. ६९५ मेगावॅटचा होता, आता दोन टप्पे मिळून दोन हजारांच्या वर! बुडवलेला मुडदा फुगून वर आला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार होतं. लोकसभेत बहुमत सिद्ध करता आलं नाही त्याला. पण जाता जाता प्रतिहमीला मंजुरी देता आली. सही करणारा पंजा, बुडवणारे भगवे, परत काढणारेही भगवे. झेंडा कुठलाही असू द्या, दौत एकच.

आणि डोंगराखाली? वेलदूरचे मासेमार, अंजनवेल-रानवीचे शेतकरी, बाया. त्यांचे सवाल साधे होते. जमीन गेली, पाणी कुठनं देणार? गरम पाणी खाडीत सोडलं तर मासळीचं काय? ह्याला उत्तर पोलिसांनी दिलं. जमावबंदी, तडीपारी, लाठ्या. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले, झोपलेल्या बायांना ओढून काढलं, मारलं. ॲम्नेस्टीनं त्याच वर्षी हे छापलं. १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच ह्या संघटनेनं अख्खा अहवाल काढला. त्यात हेही आहे की बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. वतनदाराचे हे शिपाई.

आता साताऱ्याच्या माणसानं कान देऊन ऐकावं अशी गोष्ट. आपल्या जिल्ह्यातली कोयना. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातनं कोकणात पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीला मिळतं. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते तिथंच दाभोळची खाडी, तिथंच हा कारखाना. म्हंजे आपल्याच पाण्याच्या मुखाशी एन्रॉन बसली होती. मार्च १९९९ मध्ये कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला भोक पाडलं, पेपरांनी कौतुक केलं. एक हजार मेगावॅटचा टप्पा, इंधनाला छदाम लागत नाही, डॉलर चढो वा पडो. दोनच महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, खाली दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅट. एका नदीवर दोन विजा. एक पाण्याची, एक डॉलरची. तरी कोयनेला आम्ही पुण्यवान म्हणत नाही. तिचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही मोर्चे काढत होते, आणि तिचं पाणी माण-खटावला पाठ फिरवून समुद्राला जातं. पण निदान तिची मालकी कुठं शोधायची ते माहीत आहे. मोर्चा न्यायला दार आहे. ह्यूस्टनवर मोर्चा कसा न्यायचा?

गंमत तर पुढंच आहे. गॅसचा प्रकल्प म्हणून एवढा गाजावाजा, पण एन्रॉनच्या हयातीत तिथं गॅस जळलाच नाही. गॅसचा टप्पा पुरा झालाच नाही. जे चाललं ते नाफ्थ्यावर. नाफ्था म्हंजे कच्चं तेल गाळताना निघणारा पातळ, महागडा अंश, तेलाच्या भावाबरोबर उड्या मारणारा. २००० साली तेल चढलं, रुपया पडला, आणि दाभोळच्या युनिटचा भाव साडेसात-आठ रुपयांच्या घरात गेला. मंडळाला वीज घेणं परवडेना. कमी घेतली तर क्षमता आकार तेवढाच, म्हंजे युनिट आणखी महाग. खंडाच्या शेतीत कूळ जसं बुडतं तसं मंडळ बुडालं. जानेवारी २००१ मध्ये कंपनीनं हमीवर बोट ठेवलं. मे अखेरीस कारखाना बंद पडला. २ डिसेंबर २००१ ला खुद्द एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं काढलं. आपल्याला आर्थिक शिस्त शिकवणाऱ्यांची वही खोटी निघाली!

मग तो डोंगरावरचा हत्ती कुणी पोसला? २००५ साली सरकारी कंपन्या आणि आपल्या ठेवींवर चालणाऱ्या बँका पुढं झाल्या, रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी काढली, सगळं लोढणं गळ्यात घेतलं. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक. आणि त्याच वर्षांत खेड्यापाड्यात बारा-बारा तास भारनियमन. आमच्या वस्तीतली पोरं रॉकेलच्या चिमणीवर दहावीला बसली. रॉकेलसुद्धा रेशनच्या रांगेतलं. नाकपुड्या काजळीनं काळ्या. तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झालेला कारखाना खाडीवर गप पडून, आणि पोराच्या वहीवर काळा धूर. तेलाचा देशाशी संबंध काय हे आम्हाला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. नाकानं कळलं.

आता कुणी शहाणा विचारंल, म्हंजे तुमचा गॅसलाच विरोध का? नाही. यंत्राला जात नसते. मालकाला असते. गॅसचं यंत्र हुशार आहे. गॅस जळतो, त्याच्या झोतानं पहिली टर्बाइन फिरते. बाहेर पडणारी धग वाया न घालवता तिच्यावर पाणी उकळायचं, वाफेनं दुसरी टर्बाइन फिरवायची. कोळशाच्या उष्णतेतली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वीज हाती लागते, इथं निम्म्याहून जास्त लागते. राख नाही. कार्बनचा धूर कोळशाच्या निम्म्याच्या आसपास. सूर्य मावळला की झटक्यात चालू करता येतं. हे सगळं खरं. पण गॅस कुठला? आखातातला गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गोठवायचा, मग तो सहाशेव्या हिश्शाएवढा आक्रसून पाण्यासारखा होतो, खास जहाजात भरायचा, इथं आणून परत तापवायचा. त्या प्रत्येक पायरीवर एक दलाल बसलाय. आणि भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपनं चढ्या भावानं जहाजं उचलली, आपल्याकडचे गॅसवरचे कारखाने गप झाले. लढाई तिकडं, विझली चूल इकडं.

देशात गॅसवर चालणारी यंत्रं सुमारे २५ हजार मेगावॅटची उभी झाली. देशाच्या विजेत त्यांचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपला. बहुतेक यंत्रं बसूनच. कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात गॅस सापडला म्हणून २००९ मध्ये ढोल वाजले, दोन वर्षांत उत्पादन घसरलं, ढोल वाजवणारे पसार. कर्ज मात्र बँकेच्या वहीत राहिलं. बँक कुणाची? तुमची-आमची.

आणि घरचा गॅस होता त्याचं काय केलं? १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल लागलं. बॉम्बे हाय. पेपरांत पेढे. तेलाबरोबर वर येणारा गॅस किनाऱ्यावर आणायला नळ वेळेवर टाकले नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं तो समुद्रातच पेटवून दिला. रात्रंदिवस मशाली. तेव्हा आमच्या वस्तीत खांब नव्हता. खांब गावठाणात येऊन थांबला होता, वेशीच्या आत, जातीला शोभेल असा. पुढं कुटीर ज्योती योजना आली १९८८-८९ ला. दलित-आदिवासी गरिबाच्या घरात एक पॉइंट, एक बल्ब. समुद्रात मशाल, आमच्याकडं ज्योती. नावंसुद्धा कशी मोजून मापून ठेवतात!

पण त्याच गॅसवर उरणला वीज मंडळानं १९८२ मध्ये स्वतःचं वीजकेंद्र उभं केलं. पुढं ते वाढून ६७२ मेगावॅटचं झालं. वाया जाणाऱ्या धगीवरची वाफेची यंत्रंही बसवली. आपला गॅस, आपलं मंडळ, आपले इंजिनिअर, आपले कामगार. ह्यूस्टनहून कुणी शिकवायला आलं नव्हतं. गॅस पुरता मिळाला नाही म्हणून तेही अर्धपोटी चाललं, ती गोष्ट वेगळी. पण जमत होतं, हे त्यानं सिद्ध केलं.

बाबासाहेबांना आम्ही घटनेत कोंडून ठेवलंय. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि विजेचा कारभार त्यांच्याकडं होता, हे किती जणांना ठाऊक? ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीपुढं त्यांनी सरळ मांडलं. वीज स्वस्त पाहिजे, मुबलक पाहिजे. कारण विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय ह्या देशाच्या गरिबीला सुटका नाही. मालकी सरकारी का खाजगी, हा सवाल त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' ह्या निवेदनात तर कळीचे उद्योग राज्याच्याच मालकीचे हवेत असं घटनेतच लिहा म्हणाले. पुतळ्यावर हॅलोजन सोडणाऱ्यांनो, त्या हॅलोजनच्या विजेबद्दल बाबासाहेब काय म्हणाले ते कधी वाचणार?

आता आपल्या फलटणकडं या. मुंबईत एन्रॉनचा तमाशा चालू होता, त्याच १९९५ साली फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेचे अनिल राजवंशी लिहीत होते, की तालुक्याची वीज तालुक्यातच होऊ शकते. उसाचं पाचट, भुसकट, काडीकचरा, जे आपण शिवारात पेटवून देतो, त्यातनं. नीरेच्या उजव्या कालव्यावर रानोरान पाचट जळताना आपण सगळ्यांनी बघितलंय. समुद्रात गॅस जाळला, शिवारात पाचट जाळलं, आणि जळण विकत आणलं डॉलरनं! प्रश्न अकलेचा नव्हता. पाचटात दलाली नसते.

पण आम्ही एवढ्यावर भाळणारे नाही. विचारतो, पाचट गोळा कोण करणार? कुणाच्या डोक्यावरनं भारा जाणार? साखर कारखाने चिपाडावर वीज करतात, सरकारला विकतात, पैसा कारखान्याला. ऊस तोडणारा कोयता कुणाचा? बीड-नगरकडनं आलेल्या भूमिहीनाचा. त्याच्या कोपीत रात्री काय पेटतं ते हंगामात तळावर जाऊन बघा. उद्या सूर्याची वीज आली. सूर्य कुणाच्या बापाचा नाही, मान्य. पण काचा मांडायला जमीन लागते. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनीच्या योजनेत सरकारी जमीन, गायरान नजरेत आहे. गायरान कसून कोण जगतं? आम्ही. इंधन बदलून वतन जात नाही. गॅस गेला, पाचट आलं, ऊन आलं, आणि वतनदार तोच राहिला, तर आई पुन्हा त्याच कचेरीत, त्याच साहेबापुढं उभी.

म्हणून आमचं मागणं ऐका.

१. वीज खरेदीचा प्रत्येक करार मराठीत छापा, ग्रामसभेत वाचा. क्षमता आकार कुणाला किती जातो ते गावाच्या फळ्यावर लिहा.

२. बंद कारखान्याला तयारीचे पैसे आणि बंद घराकडनंही तयारीचे पैसे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. भूमिहीन, मजूर, वस्तीवरचं घर, ह्यांचा स्थिर आकार रद्द करा.

३. डॉलरला बांधलेलं इंधन ग्राहकाच्या बिलाला बांधू नका. आयात गॅस लागंल तिथं लागंल तेवढा वापरा, पण यंत्र लोकांच्या मालकीचं, आणि धोका करार करणाऱ्याच्या डोक्यावर.

४. तालुक्यात पाचटाची, चिपाडाची, उन्हाची जी वीज होईल तिच्यात भूमिहीनाचा हिस्सा मालकीचा, मेहेरबानीचा नाही. गायरान घेणार असाल तर कसणाऱ्याला भागीदार करा. ऊसतोडीच्या तळावर पहिला दिवा.

महारकी बाबासाहेबांनी मोडायला घेतली तेव्हा म्हातारी माणसं म्हणत होती, वतन सोडलं तर खाणार काय? आजही कुणीतरी म्हणंल, करार मोडला तर वीज कुठनं येणार? वतन मोडलं, आम्ही मेलो नाही. शिकलो.

बिल परत कोनाड्यात ठेवू नका. ते घेऊन बाहेर या.